फोटो ऐकवायचा कसा? खान्देशातल्या छायाचित्र प्रदर्शनासाठी ध्वनिवर्णन

प्रश्न थोडक्यात असा आहे: जळगावात दहा दिवसांचं प्रदर्शन भरतं आहे. केळीबागा, कापूस वेचणी, सारंगखेड्याची यात्रा, कानबाई देवीचा उत्सव, सातपुड्यातली होळी असे खान्देशातल्या जगण्याचे चाळीस फोटो आहेत. दृष्टिबाधित प्रेक्षकांसाठी त्यांचं ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे ध्वनिवर्णन करायचं आहे. ते लिहायचं, रेकॉर्ड करायचं आणि ऐकवायचं कसं? पैसे बेताचे आहेत.

पहिली गोष्ट, चाळीसच्या चाळीस फोटोंचं सविस्तर वर्णन करू नका. बारा ते पंधरा निवडा. उभ्याने, कानाला इअरफोन लावून लक्षपूर्वक ऐकणं दमवणारं असतं. एका फोटोला दीड मिनिट धरलं तरी पंधरा फोटोंची साडेबावीस मिनिटं होतात. सुरुवातीची माहिती, चालणं आणि थांबणं धरून फेरी पाऊण तासाची होते, आणि तेवढी पुरे. उरलेल्या पंचवीस-अठ्ठावीस फोटोंना दोन-दोन वाक्यांची ओळख मात्र द्याच. ती नसेल तर भिंतीवर आणखी काय टांगलं आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि त्याच्या वतीने निवड तुम्हीच करून मोकळे होता. निवडताना सर्वांत सुंदर फोटो न घेता ज्यांत ओळमजकुरापलीकडचं, म्हणजे फोटोखालच्या कॅप्शनपलीकडचं, काही दिसतं ते घ्या. यात्रेतल्या घोड्यांचे पाच फोटो असतील तर एकाचंच सविस्तर वर्णन करा.

आता लिहिण्याबद्दल. खरी मेहनत इथेच आहे आणि बहुतेक वर्णनं इथेच बिघडतात. डॉक्युमेंटरी छायाचित्र हा एक पुरावा असतो. डोळस माणूस तो पाहतो आणि स्वतः अनुमान काढतो: हा माणूस खचला आहे की नुसता दमला आहे, इथे काय घडून गेलं असावं. वर्णन लिहिणाऱ्याने अनुमानच हातात ठेवलं तर ऐकणाऱ्याचा पाहण्याचा हक्क गेला. म्हणून जे दिसतं ते द्यायचं, नीट क्रमाने आणि नेमक्या शब्दांत. त्यातून काय कळतं ते ऐकणाऱ्यावर सोडायचं.

उदाहरणासाठी एक फोटो कल्पू. रावेर तालुक्यात मे-जूनच्या वादळाने केळीची बाग झोपली आहे आणि तिच्यात एक शेतकरी बसला आहे. नवखा लेखक हमखास लिहितो: ‘निसर्गाच्या कोपाने उद्ध्वस्त झालेल्या बळीराजाचे हताश डोळे आपल्याला अस्वस्थ करतात.’ या वाक्यात फोटो कुठेच नाही. तो रंगीत आहे का, माणूस कुठे बसलाय, बागेचं नक्की काय झालंय, काही कळत नाही. ‘हताश’ हा निकाल आहे आणि ‘आपल्याला अस्वस्थ करतात’ ही ऐकणाऱ्याला दिलेली आज्ञा आहे. याच फोटोचं वर्णन असं करता येईल:

‘फोटो क्रमांक सात. कृष्णधवल, आडवा, तीन वीत रुंद, दोन वीत उंच. वादळानंतरची केळीची बाग आणि तिच्यात बसलेला एक शेतकरी. फोटोच्या खालच्या दोन तृतीयांश भागात केळीची झाडं आडवी पडली आहेत, सगळ्यांचे शेंडे उजवीकडे. जाड खोडं बुडाजवळ मोडलेली, पानं उभी फाटलेली, अर्धवट भरलेले घड मातीला टेकलेले. बरोबर मध्यभागी, दोन पडलेल्या खोडांमधल्या जागेत, साठीच्या आसपासचा एक पुरुष उकिडवा बसला आहे. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. त्याचा उजवा तळवा शेजारच्या घडावर सपाट टेकला आहे. ओठ मिटलेले. तो कॅमेऱ्याकडे पाहत नाही. नजर उजवीकडे, फोटोच्या कडेपलीकडे. त्याच्या मागे दूरवर केळीचं एकच झाड उभं आहे. वर फिकट, मोकळं आभाळ. डाव्या कडेला मोटारसायकलचं पुढचं चाक दिसतं. बाकीची गाडी फोटोबाहेर आहे.’

साधारण एकशे पाच शब्द झाले. क्रम पाहा: क्रमांक, रंग, आकार, मग एका वाक्यात पूर्ण चित्र, मग मोठ्याकडून लहानाकडे आणि शेवटी कडा. एका वाक्यातलं पूर्ण चित्र कधीच टाळू नका. ते आधी मिळालं नाही तर ऐकणारा खोडं, घड, टोपी, तळवा असे सुटे तुकडे जमवत बसतो आणि फोटो संपेपर्यंत त्याला ते कुठे बसवायचे ते कळत नाही. आकार इंचांत सांगितला तरी वितीत सांगाच. अठरा बाय सत्तावीस इंच म्हणजे साधारण दोन बाय तीन वीत. ते हाताला लगेच समजतं.

मोटारसायकलचं चाक ‘अनावश्यक’ म्हणून बरेच जण गाळतात. ते गाळू नका. दुसरं कुणीतरी तिथे आलंय, की ती गाडी त्याचीच आहे? डोळस प्रेक्षक यावर दोन क्षण थांबतो. तेवढी जागा ऐकणाऱ्यालाही मिळायला हवी. छायाचित्रकाराने कुठे कापलं आणि काय अर्धवट ठेवलं, हाही फोटोचाच भाग आहे.

याउलट टोकालाही जाऊ नका. ‘भुवया किंचित आकुंचित, ओठांचे कोपरे खाली’ अशी चेहऱ्याची मोजदाद ऐकवत नाही. हसणाऱ्या माणसाला सरळ ‘हसतोय’ म्हणा. प्रश्न येतो तो संदिग्ध चेहऱ्याचा. तिथे भावनेचं नाव न घेता हालचाल सांगा. नेमकं क्रियापद दहा विशेषणांचं काम करतं: हात ‘आहे’ म्हणण्याऐवजी टेकला आहे, आवळला आहे, रेलला आहे, लोंबतो आहे. ‘सुंदर’, ‘विलोभनीय’, ‘काळीज पिळवटणारं’ हे शब्द सरसकट खोडा.

ओळमजकूर आणि वर्णन वेगळे ठेवा. तालुका, साल, त्या माणसाने किती एकर बाग गमावली, हे फोटोत दिसत नाही, छायाचित्रकाराने सांगितलेलं असतं. सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन आवाज वापरणं. एक आवाज दिसतं ते सांगेल, दुसरा ओळमजकूर वाचेल. दोन फोटो ऐकले की ऐकणाऱ्याला फरक आपोआप कळतो, समजावून सांगावा लागत नाही. याच कारणासाठी छायाचित्रकाराशी प्रत्येक निवडलेल्या फोटोवर पंधरा-वीस मिनिटं बोला. कॅमेरा कुठे होता, फ्रेमबाहेर काय होतं, हातातली वस्तू नक्की कोणती, हे विचारा. त्याचं उत्तर वर्णनात घालायचं नसतं. तुमची समजूत चुकलेली नाही ना, हे त्यावरून तपासायचं असतं.

माणसांची ओळख हा खान्देशात विशेष जपण्याचा विषय आहे. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडचे फोटो आले की लेखक लगेच ‘एक आदिवासी स्त्री’ लिहितो आणि जळगावच्या बाजारातल्या बाईला नुसतं ‘एक स्त्री’. हा भेदभाव ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच खटकतो. नियम एकच ठेवा. समाजाचं नाव तेव्हाच, जेव्हा ते छायाचित्रकाराने विचारून घेतलं आहे आणि फोटोचा विषय समजायला लागतं. एरवी पोशाख आणि दागिने सांगा. पावरा, भिल्ल, तडवी, मावची हे वेगवेगळे समाज आहेत. चांदीच्या दागिन्यांवरून अंदाज बांधून चुकीचं नाव ध्वनिमुद्रित झालं तर ते दहा दिवस भिंतीवर राहतं. नाव घेऊन उल्लेख करायचा असेल तर त्या व्यक्तीची परवानगी पुन्हा घ्या. फोटो छापायला दिलेली संमती नाव उच्चारायला पुरत नाही.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीचा फोटो असेल तर ‘पारंपरिक वेशभूषेतील नर्तक’ असं लिहून सुटका करून घेऊ नका. उघड्या अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले पोकळ भोपळे आणि घुंगरू: हे प्रत्येक सांगा, कारण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत नेमकं हेच भरतं. कानबाईचंही तसंच. ‘देवीची स्थापना’ म्हटलं तर ऐकणारा मूर्ती डोळ्यांपुढे आणेल. नारळाला डोळे, नाक, नथ लावून सजवलेलं रूप चौरंगावर आहे, हे सांगितलं तरच फोटो पोचतो. खान्देशातला ऐकणारा कानबाई ओळखतो म्हणून गाळायचं नाही. त्याने ती कदाचित कधी पाहिलेलीच नसेल, गाणी तेवढी ऐकली असतील.

जन्मांध ऐकणाऱ्यासाठी काही गोष्टी प्रास्ताविकात एकदा उलगडून सांगाव्यात. फोटोत दूरची माणसं लहान दिसतात, पुढची वस्तू मागच्या वस्तूला झाकते, कधी जवळचं स्पष्ट आणि मागचं धूसर ठेवलेलं असतं. मग वर्णनात ‘मागे धूसर’ म्हटलं की अर्थ लागतो. रंग मात्र गाळू नका. जन्मापासून न पाहिलेल्या माणसालाही हिरव्या चुड्याचा, भगव्या झेंड्याचा, पांढऱ्या लुगड्याचा अर्थ माहीत असतो. डावं-उजवं कुणाचं हेही आधीच ठरवा: ‘फोटोच्या डावीकडे’ म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे, ‘तिच्या डाव्या हातात’ म्हणजे तिच्या स्वतःच्या. या दोन्हींची सरमिसळ ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे आणि लेखकाला स्वतःला ती सापडत नाही.

तुमच्या संग्रहात चाळीसगावच्या केकी मूस यांच्यासारखं टेबल-टॉप छायाचित्रण असेल तर त्याचा हिशेब वेगळा. मूस (१९१२-१९८९) टेबलावर साध्या वस्तू मांडून दृश्य उभं करत. तिथे आधी भासणारं दृश्य सांगावं, मग ते कशाचं केलंय ते. डॉक्युमेंटरी फोटोत असा उलगडा राखून ठेवायचा नाही. तिथे जे आहे ते आधीच सांगायचं.

भाषा साधी, बोलती मराठी ठेवा. पण वस्तूंची नावं इथली हवीत. मांडे खापरावर होतात, तव्यावर नाही. केळीला घड आणि फणी असते, ‘गुच्छ’ नसतो. शेतकऱ्याचं स्वतःचं बोलणं मिळालं तर वर्णनानंतर पंधरा-वीस सेकंद त्याच्याच अहिराणीत, लेवा बोलीत किंवा पावरीत ऐकवा आणि मागोमाग मराठी सारांश द्या. संपूर्ण वर्णन अहिराणीतही हवं असेल तर मराठीचं भाषांतर न करता फोटो समोर ठेवून अहिराणी बोलणाऱ्याकडून नव्याने लिहून घ्या. पार्श्वसंगीत नको, ते शब्द खातं. आजूबाजूचे आवाज वापरायचे तर त्याच जागेचे, त्याच प्रसंगी टिपलेले. इंटरनेटवरचं घोड्याचं खिंकाळणं सारंगखेड्याच्या फोटोखाली लावणं म्हणजे फोटोत दुसरीकडचा घोडा चिकटवण्यासारखं आहे.

मोबाइलमधल्या स्वयंचलित वर्णनावर विसंबू नका. सामान्य दृश्याची ढोबळ रूपरेषा ते देतं, पण इथल्या वस्तू, विधी आणि माणसांची कामं ओळखण्यात ते चुकतं, आणि चुकलेलंही तितक्याच ठामपणे सांगतं.

रेकॉर्डिंगच्या आधी मसुदा तपासून घ्या. किमान तीन ऐकणारे हवेत: एक जन्मांध, एक नंतर दृष्टी गेलेला, एक अल्पदृष्टी. त्यांना मानधन द्या. हे तज्ज्ञाचं काम आहे. मसुदा वाचून दाखवा आणि ‘आवडलं का?’ असं विचारू नका. विचारा: फोटोत माणसं किती? कोण कुठे आहे? कॅमेरा किती लांब वाटला? कुठे हरवायला झालं? उत्तर चुकलं तर दोष मसुद्याचा. त्याच फोटोजवळ एका डोळस माणसालाही उभं करा आणि वर्णनात काय राहिलं ते विचारा.

रेकॉर्डिंगला स्टुडिओच हवा असं नाही. लहान खोली, भिंतींना गोधड्या आणि गाद्या, पंखा आणि कूलर बंद. उन्हाळ्यात हे दुपारी शक्य नाही, म्हणून पहाटे साडेपाच ते आठची वेळ ठरवा. तेव्हा रस्ताही शांत असतो. माइक तोंडापासून पंधरा ते वीस सेंटिमीटरवर, थोडा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटत नाहीत. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह फाइल ठेवा. प्रत्येक सत्रात दहा सेकंद नुसती खोलीची शांतता टिपा, संपादनात जोड लपवायला ती लागते. मराठी वाचनाची गती मिनिटाला शंभर ते एकशे दहा शब्द. बातम्यांची गती इथे चालत नाही, कारण ऐकणारा मनात चित्र रचत असतो. पूर्ण चित्राच्या वाक्यानंतर एक सेकंद थांबा. आवाजाची पातळी सगळ्या फाइलींत सारखी, मोनोसाठी साधारण -१९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचं एकक). शेवटी ६४ केबीपीएसची मोनो एमपीथ्री करा. मिनिटाला अर्धा एमबीही होत नाही, पंधरा फोटोंचं काम अकरा एमबीत बसतं.

ऐकवण्यासाठी एकाच साधनावर अवलंबून राहू नका. ज्यांच्याकडे टॉकबॅकवाला, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा, अँड्रॉइड फोन आहे ते क्यूआर कोड वापरतील, पण कोड सापडला तर. म्हणून तो प्रत्येक फोटोजवळ एकाच जागी लावा: चौकटीच्या उजव्या कडेपासून दहा सेंटिमीटर, जमिनीपासून एकशे वीस सेंटिमीटर उंचीवर. कोड किमान पाच सेंटिमीटरचा, कागद मॅट, भोवती बोटाला लागेल अशी उंच कड. त्याखाली मोठ्या आकड्यात आणि ब्रेलमध्ये क्रमांक. एनएफसी टॅग (फोन टेकवला की फाइल उघडणाऱ्या चकत्या) वापरायला सोपे, पण लोखंडी पॅनेलवर साधा टॅग चालत नाही आणि स्वस्त फोनमध्ये ती सोयच नसते. सभागृहात नेटवर्क नसेल तर राउटरवर फाइली ठेवून स्थानिक वायफाय द्या. इथे नेहमीची अडचण अशी की फोन ‘इंटरनेट नाही’ म्हणून ते वायफाय आपोआप सोडतो. तरीही जोडलेलं राहू देण्याची सूचना स्वीकारायला स्वयंसेवकाला शिकवा.

शिवाय बटणं असलेले सहा-आठ साधे एमपीथ्री प्लेअर दाराशी ठेवा. फाइलींची नावं ०१, ०२ अशी द्या, म्हणजे क्रम बिघडत नाही, आणि प्रत्येक फाइलीची सुरुवात ‘फोटो क्रमांक सात’ अशी बोलून करा, म्हणजे पडदा न पाहता आपण कुठे आहोत ते कळतं. हेडफोन एका कानाचे द्या. दोन्ही कान बंद झाले तर माणसाला सोबत्याचं बोलणं आणि भोवतालची चाहूल कळत नाही. वीज जाणार हे गृहीत धरून प्लेअर रात्रीच चार्ज करा.

वर्णनाचा मजकूर लिखित स्वरूपातही द्या, विशेषतः ज्यांना ऐकूही कमी येतं आणि जे ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत उमटवणाऱ्या यंत्रावर, वाचतात त्यांच्यासाठी. हा मजकूर युनिकोडमध्येच हवा. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटातली फाइल आली तर पडद्यावर छान मराठी दिसते आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, अर्थहीन अक्षरं वाचतं. ‘ता.’, ‘जि.’ अशी लघुरूपं पूर्ण लिहा.

दृष्टिबाधितांपैकी अनेकांना थोडीफार नजर असते. त्यांना काचेवरचं प्रतिबिंब सर्वांत जास्त छळतं. दिवा उभ्या रेषेपासून साधारण तीस अंशांच्या कोनात वरून मारा आणि शक्य असेल तर काच लावूच नका. मजकूर किमान अठरा पॉइंट, देवनागरीला मात्रा-वेलांट्यांमुळे चोवीस असेल तर उत्तम. काळ्यावर पिवळं किंवा पांढऱ्यावर काळं चालेल, राखाडीवर पांढरं नाही. जवळ जाऊन पाहता यावं म्हणून फोटोसमोर दोरी बांधू नका.

चालण्याची वाट किमान एकशे वीस सेंटिमीटर मोकळी असावी, वायर वाटेत नकोत. निवडलेल्या प्रत्येक फोटोसमोर, भिंतीपासून साठ सेंटिमीटरवर, जमिनीवर काथ्याची पट्टी चिकटवा. पांढऱ्या काठीला आणि पायाच्या तळव्याला फरक कळतो आणि माणूस आपोआप योग्य जागी थांबतो. पट्टीच्या कडा पूर्ण चिकटवा, उचललेली कड म्हणजे अडखळणं. स्वयंसेवकाने हात धरून ओढायचं नाही. आपला कोपर पुढे करायचा, समोरच्याने तो धरायचा.

स्पर्शचित्रं दोन-तीनच करा आणि त्यांत चार-पाच आकारांपलीकडे काही नको. फोटो जसाच्या तसा उठावात आणला की बोटांना फक्त खडबडीतपणा लागतो. त्यापेक्षा फोटोतली वस्तूच ठेवा: उमललेलं कापसाचं बोंड, केळीची फणी, पोकळ भोपळा, घोड्याची घुंगरमाळ.

आयोजकांना पटवावं लागलं तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ दाखवा. कलम २९ सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाबद्दल आहे, कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांच्या संदर्भात ध्वनिवर्णनाचा थेट उल्लेख आहे.

वेळ सहा आठवडे धरा: दोन निवड आणि छायाचित्रकारांशी बोलण्यात, दोन लेखन आणि तपासणीत, एक रेकॉर्डिंग आणि संपादनात, शेवटचा सभागृहात. आणि फाइली तीन प्रकारच्या, वेगवेगळ्या ठेवा: सभागृहाची ओळख (दार कुठे, फेरी कोणत्या दिशेने, बाक आणि स्वच्छतागृह कुठे), फोटोंची वर्णनं, आणि दोन फोटोंमधल्या चालण्याच्या सूचना. ‘पुढचा फोटो उजवीकडे चार पावलांवर’ हे वाक्य फोटोच्या फाइलीत घालू नका. प्रदर्शन पुढे धुळ्याला किंवा नंदुरबारला गेलं की भिंती बदलतात. अशी विभागणी असेल तर ओळख आणि सूचना तेवढ्या एका सकाळी नव्याने रेकॉर्ड होतात, वर्णनांना हात लावावा लागत नाही.